वावडीची दोरी

मराठीत अफवेसाठी शब्दांची वाण नाही. आवई उठते, कंडी पिकते, वावडी उडते, हूल दिली जाते. यातली क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. आवई आपोआप उठते. तिला कर्ता लागत नाही. कंडी पिकते, तशी ती पिकवलीही जाते, म्हणजे बी कुणीतरी टाकलेले असते. वावडी हा पतंगाचाच एक प्रकार. ती कितीही उंच गेली तरी दोरी कुणाच्या तरी हातात राहते. आणि हूल देणारा तर समोरच उभा असतो. ज्या अफवांविषयी मी पुढे लिहिणार आहे, त्यांच्याबाबत हा भेद न पाहिल्यामुळे बराच घोटाळा झालेला आहे.

या अफवा आहेत अमेरिकेतल्या थीम पार्कांच्या विस्ताराविषयीच्या. विशेषतः फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या जमिनीवर पुढे काय बांधले जाणार, याबद्दल तिथले हौशी लोक वर्षानुवर्षे जे बोलत आले आहेत त्याविषयीच्या. संशोधनाला हा विषय विचित्र वाटेल. मी फ्लोरिडाला गेलेलो नाही, आणि जत्रेतल्या पाळण्यात बसलो तरी मला भोवळ येते. पण २०२४च्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने तिथून एक नकाशा पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, पाचवं पार्क येतंय, आता तरी ये.’ नकाशा कुणी काढला, कशावरून काढला, हे विचारल्यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. मी शोधायला लागलो, आणि त्या नकाशामागे साठ वर्षांचा इतिहास निघाला.

अफवेकडे पाहण्याच्या दोन रीती अभ्यासकांनी रूढ केल्या. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ साली मांडले की विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अफवेचा जोर ठरतो. सूत्र नेटके आहे, पण त्यात अफवा हा एक ताप ठरतो. तापमापक लावून तो मोजायचा. तमोत्सु शिबुतानी यांचे १९६६चे पुस्तक मला अधिक जवळचे वाटते. अधिकृत बातमी मिळत नाही तेव्हा माणसे एकत्र बसून हाताशी असलेल्या तुकड्यांतून अर्थ लावतात, ती अफवा, असे ते म्हणतात. म्हणजे अफवा हे एक सामुदायिक वाचन झाले. आणि वाचन म्हटले की चांगले-वाईट ठरवता येते. समीक्षकाला तिथे काम आहे.

आता १९६५कडे जाऊ. ऑरलँडोच्या नैर्ऋत्येला दलदल, सरोवरे आणि गुरांची कुरणे असलेला मुलूख होता. त्यातली जमीन कुणीतरी गुपचूप विकत घेत होते. खरेदीखतांवर नावे वेगवेगळ्या कंपन्यांची होती: रीडी क्रीक रँच, टॉमहॉक प्रॉपर्टीज, लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट, आयफोर कॉर्पोरेशन. शेवटचे नाव तर शेजारून जाणाऱ्या ‘आय-फोर’ महामार्गाचेच, अक्षरे बदलून लिहिलेले. खरेदी २७,००० एकरांच्या घरात गेली आणि तिला ५० लाख डॉलरच्या आसपास खर्च आला. सरासरी काढली तर एकरी २०० डॉलरही पडत नाहीत.

एवढी जमीन हलली तर गावात बोलणे होणारच. फोर्डचा कारखाना येतोय, बोइंग येतेय, मॅक्डोनेल ही विमान कंपनी येतेय, हॉवर्ड ह्यूजेस आहे, रॉकफेलर आहेत. यातल्या एकाही नावाला मी मूर्खपणा म्हणणार नाही. केप कॅनाव्हरलचे अवकाशतळ जवळच होते, चंद्रावर जायची तयारी जोरात होती. विमाने आणि क्षेपणास्त्रे बांधणाऱ्यांची नावे सुचावीत यात गैर काय? आवई चुकीची होती, पण तर्क बरोबर होता.

मग आला ‘ऑरलँडो सेंटिनेल’च्या एमिली बव्हार यांचा प्रसंग. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला तेव्हा दहा वर्षे झाली होती (ते १७ जुलै १९५५ला उघडले) आणि त्यानिमित्त पत्रकारांना बोलावले होते. बव्हार यांनी वॉल्ट डिस्ने यांना सरळ विचारले, ती जमीन तुम्ही घेताय का? डिस्ने नाही म्हणाले. पण नाही म्हणताना त्यांनी मध्य फ्लोरिडाचा पाऊस, तिथला दमटपणा, पर्यटकांची ये-जा यांचा असा काही तपशील दिला, की ज्याला तिथे काही करायचेच नाही त्याला तो माहीत असण्याचे कारण नव्हते. बव्हार यांनी नकार ऐकला नाही, नकाराची भाषा ऐकली. त्यांच्या पत्राने २४ ऑक्टोबर १९६५ला पहिल्या पानावर ठणकावून सांगितले की हा गूढ उद्योग म्हणजे डिस्ने. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर हेडन बर्न्स यांना दुजोरा द्यावा लागला.

माझ्या मते थीम पार्कांच्या साऱ्या अफवा-साहित्यात या वाचनाच्या तोडीचे दुसरे काही नाही. हाती कागद नव्हता, आतल्या गोटातला माणूस नव्हता. होते ते फक्त एका माणसाचे बोलणे, आणि त्यात काय जास्तीचे आहे हे हेरणारा कान. पण या कथेतली दुसरी बाजू तिथले हौशी लोक सांगत नाहीत, किंवा चातुर्याची गंमत म्हणून सांगतात. बातमी फुटल्यावर आसपासच्या जमिनीचा भाव एकरी ८०,००० डॉलरपर्यंत गेल्याचे सांगतात. म्हणजे ज्यांनी आधी विकली, त्यांना आपण काय विकतो आहोत हे ठाऊक नव्हते. गुप्तता ही इथे शोभेची वस्तू नव्हती. तिची किंमत होती आणि ती विकणाऱ्यांनी मोजली. सातबाऱ्यावर अचानक परकी नावे चढताना पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हे फोडून सांगायला नको.

इथपर्यंत अफवा खरी आणि अधिकृत नकार खोटा. पुढच्या अंकात पारडे आणखी फिरते. ऑक्टोबर १९६६मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी एक चित्रफीत केली. भिंतीएवढ्या नकाशापुढे उभे राहून ते ‘एपकॉट’ या भावी शहराचे वर्णन करतात: मध्यभाग छताखाली, मोटारी जमिनीखालच्या रस्त्यांवर, लोकवस्ती २०,०००. १५ डिसेंबरला ते वारले. ही चित्रफीत फेब्रुवारी १९६७मध्ये फ्लोरिडाच्या लोकप्रतिनिधींना दाखवण्यात आली आणि मे महिन्यात रीडी क्रीक हा स्वतंत्र जिल्हा स्थापणारा कायदा झाला. रस्ते, निचरा, बांधकामाचे नियम यांवरचे सरकारी अधिकार त्यामुळे व्यवहारात कंपनीच्या हाती आले. कायदा झाला, अधिकार मिळाले. शहर झाले नाही. १ ऑक्टोबर १९८२ला एपकॉट उघडले ते तिकीट काढून आत जायचे पार्क म्हणून.

एखाद्या हौशी माणसाने अशी नकाशा आणि आकड्यांसकट, पण कधी न उतरलेली योजना सांगितली असती, तर आपण तिला काय म्हटले असते? मी डिस्ने यांच्यावर लबाडीचा आरोप करत नाही. ते जगते तर शहर बांधतेही. पण ‘जाहीर बेत’ आणि ‘बिनबुडाची अफवा’ या दोन खणांत आपण जी सोईस्कर वाटणी करतो, ती या एका चित्रफितीपुढे टिकत नाही. जाहीर बेत म्हणजे ज्याची दोरी कुणाच्या हातात आहे हे दिसते अशी वावडी, इतकेच. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियात जाहीर झालेले ‘डिस्नेज अमेरिका’ हे इतिहासाचे पार्कही पुढच्या सप्टेंबरात गुंडाळले गेले. ते जाहीर झाले म्हणून मॅनॅससच्या यादवी युद्धाच्या रणभूमीजवळ असले काही नको म्हणून इतिहासकार उभे राहू शकले. १९६५च्या गुरेवाल्यांना ती संधी नव्हती.

न बांधलेल्या बागांत मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती ‘बीस्टली किंग्डम’. २२ एप्रिल १९९८ला अ‍ॅनिमल किंग्डम हे चौथे पार्क उघडले. आजचे प्राणी, नामशेष झालेले डायनोसॉर आणि कल्पनेतले प्राणी, अशी त्याची तीन अंगांची कल्पना होती. तिसऱ्या अंगाला पैसा पुरला नाही. तिथे तात्पुरते दुसरेच काही उभे केले. पण पार्कच्या बोधचिन्हात हत्ती, सिंह, डायनोसॉर यांच्या मधोमध ड्रॅगन राहिला. गाड्या उभ्या करायच्या आवारातल्या एका भागाला युनिकॉर्न हे नाव राहिले. म्हणजे बेत मेला आणि त्याच्या खुणा तेवढ्या उरल्या. माणसे दरवर्षी त्या ड्रॅगनखालून आत जात आणि विचारत, हा इथे का? जवळजवळ वीस वर्षे ‘आता बांधणार’ अशी कंडी पिकत राहिली. मला यात हौशी लोकांचा भाबडेपणा दिसत नाही. बी खुद्द कंपनीने टाकले होते. शेवटी त्या जागेवर २७ मे २०१७ला ‘अवतार’ चित्रपटावरचे पँडोरा उघडले.

याच कथेला फुटलेली एक फांदी मात्र मी मान्य करत नाही. काम थांबल्यावर नाराज रचनाकार आपले ड्रॅगन घेऊन प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलकडे गेले आणि तिथे १९९९मध्ये ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ ही पाळणागाडी झाली, असे सांगतात. कथा म्हणून सुरेख आहे. सूड, योगायोग, सगळे आहे. पण तिला ड्रॅगन सोडून दुसरा पुरावा कुणी देत नाही. आणि ड्रॅगनवर मालकी कुणाची? इतकी घोटीव अफवा दिसली की मी सावध होतो. खऱ्या गोष्टीला सहसा एवढे नीट टोक नसते.

चांगल्या वाचनाचे अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर मार्व्हलचे. डिस्नेने २००९मध्ये मार्व्हल कंपनी विकत घ्यायचे ठरवले तेव्हा फ्लोरिडात मार्व्हलचा भाग येणार अशी एकच आवई उठली. पण काही चिकाट्या लोकांनी मार्व्हल आणि युनिव्हर्सलच्या तेव्हाच्या मालकांमधला १९९४चा करार काढून वाचला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, युनिव्हर्सल वापरत असलेली पात्रे डिस्नेला आपल्या पार्कात आणता येत नाहीत, असा त्याचा आशय. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: युनिव्हर्सल कोणती पात्रे वापरत नाही? ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’. त्यांची गाडी २०२२मध्ये एपकॉटमध्ये सुरू झाली. ज्यांनी करार वाचला होता त्यांना नवल वाटले नाही.

माझ्या भाचीच्या नकाशाचे मूळही अशाच एका खऱ्या कागदात होते. रीडी क्रीकच्या जागी आलेल्या नव्या जिल्ह्याशी डिस्नेने जून २०२४मध्ये विकासकरार केला. त्यात पाचव्या मोठ्या पार्कला मुभा आहे. मुभा आहे, बेत आहे असे त्यात कुठेही नाही. घरावर दोन मजले चढवायची परवानगी असलेले कितीतरी लोक आयुष्यभर गच्चीवर पापड वाळवतात. पण ‘परवानगी’चे ‘ठरले’ झाले, ‘ठरले’चा नकाशा झाला आणि नकाशावर उद्घाटनाचे वर्षही पडले. आवई कशी उठते हे पाहायचे असेल तर या तीन पायऱ्या पुरेत.

हौशी मंडळींवर माझा खरा आक्षेप अफवा पसरवण्याबद्दलचा नाहीच. ते हिशेब ठेवत नाहीत, हा आहे. डिस्नेच्या खलनायकांचे अख्खे स्वतंत्र पार्क येणार, असे कित्येक वर्षे सांगितले जात होते. सप्टेंबर २०२२मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून, हे अजून नक्की नाही असे बजावत, खलनायकांचा एखादा भाग होऊ शकेल असे सूचित केले. ही तर सरळ हूल होती: लोकांची अफवा उचलायची, टाळ्या किती पडतात ते मोजायचे आणि बांधील काहीच राहायचे नाही. ऑगस्ट २०२४मध्ये मॅजिक किंग्डममध्ये खलनायकांचा विभाग जाहीर झाला, आणि सगळ्यांनी ‘आम्ही सांगितले होते’ म्हणून टाकले. सांगितले होते पार्क. जाहीर झाला एक विभाग. बव्हार यांनी एक नाव घेतले होते. ते चुकते तर त्या उघड्या पडल्या असत्या. आपण कशाने खोटे ठरू हे जो आधी सांगत नाही, त्याच्या अंदाजाला मी वाचन म्हणायला तयार नाही.

त्याच ऑगस्टमध्ये ‘कार्स’ चित्रपटावरचा भागही जाहीर झाला. त्यासाठी मॅजिक किंग्डममधली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही १९७१पासूनची कृत्रिम नदी बुजवावी लागणार होती. नदी बुजवायची म्हणजे निचऱ्याचा प्रश्न, आणि निचरा म्हटला की जलव्यवस्थापन खात्याकडे अर्ज. असले अर्ज फ्लोरिडात कुणालाही पाहता येतात. मी भाचीला ते कसे शोधायचे हे दाखवले, आणि त्यानंतर ती मला नकाशे पाठवेनाशी झाली. अर्जांचे क्रमांक पाठवू लागली. नदीतल्या वाफेच्या बोटीचा शेवटचा दिवस ६ जुलै २०२५ हा होता. त्याच्या दोन आठवडे आधी ती मुलांना घेऊन तिच्यात बसून आली. बोट अर्धी रिकामी होती म्हणाली. मग विचारले, ‘मामा, पाचव्या पार्कचं तुझ्या कागदांत काही दिसतंय का?’ मी नाही म्हणून कळवले. त्यावर तिचे उत्तर आले, की इतक्या ठामपणे नाही म्हणतोयस त्याअर्थी तुला काहीतरी माहीत असणार.