भयपटांची भित्तिपत्रके

भयपटाची जाहिरात करताना ठराविक रंग, आकृती व अक्षरांकन यांची सातत्याने योजना केली जाते. या योजनेचे प्रमुख साधन म्हणजे भित्तिपत्रक होय. इतर चित्रपट बव्हंशी नटनटींच्या नावावर चालतात. भयपटाला विख्यात नट क्वचितच लाभतो. त्यामुळे आपली ओळख त्याला चित्रातूनच पटवावी लागते. काळी वा गडद निळी पार्श्वभूमी, खालून उजळलेला चेहरा, ओघळत्या रक्तासारखी तांबडी अक्षरे हे संकेत त्यातूनच रूढ झाले. निरक्षर प्रेक्षकालाही ते दुरून वाचता येतात.

भारतात चित्रमय भित्तिपत्रकाचा पाया कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी (१८९०–१९५४) घातला. कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक उपलब्ध जुन्या नमुन्यांत गणले जाते. पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. त्यामुळे चित्रपटातील देखावा व भिंतीवरील जाहिरात यांमागे एकच दृष्टी होती. भयपटाच्या क्षेत्रात असे ऐक्य त्याच सुमारास जर्मनीत साधले गेले. द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी (१९२०) या मूकपटातील वाकड्या भिंती व टोकदार सावल्या त्याच्या जाहिरातींतही उतरल्या. बर्लिनमध्ये तर ‘तू कॅलिगारी झाले पाहिजेस’ अशा अर्थाचे गूढ वाक्य प्रदर्शनापूर्वीच जागोजागी झळकले होते.

मुंबईच्या रामसे बंधूंनी दो गज जमीन के नीचे (१९७२) या चित्रपटापासून भयपटांची जी मालिका चालविली, तिच्यात जाहिरातीचा साचा पक्का झाला : मध्यभागी विद्रूप मुखवटा, पाठीमागे हवेली, एका कडेला किंचाळणारी तरुणी. पुराना मंदिर (१९८४), वीराना (१९८८) व बंद दरवाजा (१९९०) या चित्रपटांच्या जाहिराती शेजारी ठेवल्यास घराणे तात्काळ ओळखू येते. पुराना मंदिरमधील सामरी हा राक्षस रंगविणारे अनिरुद्ध अग्रवाल यांचा चेहरा एखाद्या नायकाच्या चेहऱ्याइतकाच जाहिरातीस उपयोगी पडला. ‘केवळ प्रौढांसाठी’ ही सक्तीची सूचनाही आमिष ठरली. या चित्रपटांचा मोठा प्रेक्षकवर्ग लहान गावांतला होता व वृत्तपत्रीय परीक्षणांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. परीक्षणाचे काम भिंतच करीत असे.

या सातत्याचे व्यापारी मोल निर्विवाद आहे; कलादृष्ट्या मात्र त्यात उणीव आहे. रामसेपटांच्या जाहिरातीतील हवेली कोणत्याच प्रदेशाची नाही. तिच्यात युरोपीय गॉथिक कमानी, राजपूत सज्जे व स्टुडिओतील कोळिष्टके एकत्र नांदतात. धाराशिव जिल्ह्यातील प्रेक्षकाच्या परिचयाचा भग्न परिसर म्हणजे परांड्याचा भुईकोट किंवा बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल असलेला आदिलशाही नळदुर्ग. जाहिरातीतली हवेली त्याला परकी वाटावी; पण ती ओळखीची वाटते, कारण तो तिला दुसऱ्या जाहिरातीवरून ओळखतो. साचा असा स्वतःपुरताच उरला, की चित्रपटाबद्दल काही सांगण्याची त्याची क्षमता संपते. शिवाय मुखवटा भिंतीवरच दिसल्याने पडद्यावरील त्याच्या प्रकटीकरणाची धार बोथट होते. उलट द एक्झॉर्सिस्ट (१९७३) या अमेरिकन चित्रपटाच्या जाहिरातीत पछाडलेली मुलगी नाहीच. रस्त्यावरील दिव्याखाली हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पुरुषाची काळी आकृती तेवढी आहे. भय खिडकीतून येणाऱ्या प्रकाशात आहे.

मराठीत भयपटांची परंपरा तुटक असल्याने असा साचा निर्माण झाला नाही. झपाटलेला (१९९३) या विनोदी भयपटाची खूण झाला तो रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू हा बाहुला. विशाल फुरिया दिग्दर्शित लपाछपी (२०१७) या चित्रपटाने मात्र हवेलीऐवजी उसाचा फड हेच भयस्थान केले. ही निवड केवळ दृश्य नाविन्याची नाही. ज्या धाराशिव-बीड भागातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, तेथील प्रेक्षकाला उभा ऊस ही नेपथ्यरचना वाटणे कठीण. त्यातून वाट न सापडणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटात कोकणचा अखंड पाऊस, कंदिलाचा उजेड आणि गर्भागारासारखा तांबडा रंग कथेतूनच आलेले आहेत. जाहिरातीतील तांबड्या-काळ्या रंगांची योजना त्यामुळे उसनी वाटत नाही. पहिल्या प्रदर्शनात मर्यादित यश मिळालेल्या या चित्रपटाने २०२४ मधील पुनःप्रदर्शनात मूळच्यापेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. त्याचे श्रेय जाहिरातीपेक्षा मधल्या काळात तो घरोघरी पाहणाऱ्या प्रेक्षकांकडे अधिक जाते. मात्र तोवर ते रंग या चित्रपटाचे म्हणून ओळखले जाऊ लागले होते.