कारणांवाचून निकाल

वकील कसा घडवावा, या प्रश्नाचा ऊहापोह करणारा 'एज्युकेटिंग लॉयर्स' हा ग्रंथ अमेरिकेतील कार्नेगी प्रतिष्ठानाने २००७ साली प्रसिद्ध केला. विल्यम सलिव्हन प्रभृती पाच अभ्यासकांनी अमेरिका व कॅनडा येथील सोळा विधिविद्यालये पाहून तो सिद्ध केला आहे. ग्रंथास आता बरीच वर्षे लोटली. तथापि त्यातील परीक्षणविषयक प्रकरण आजही मननीय असल्यामुळे त्याचाच परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

१८७० साली ख्रिस्तोफर लँगडेल हे हार्वर्ड येथे विधिविद्यालयाचे प्रमुख झाले. न्यायालयांचे निवाडे वाचावयास लावून त्यांवर वर्गात प्रश्नोत्तरे करण्याची त्यांची पद्धती पुढे त्या देशात सर्वत्र रूढ झाली. तिच्या योगे विद्यार्थी थोडक्या महिन्यांत वकिलाप्रमाणे विचार करू लागतो, हे श्रेय ग्रंथकार तिला मोकळ्या मनाने देतात. त्यांचा आक्षेप आहे तो परीक्षेवर. सत्रभर तोंडी झडती, आणि अखेरीस बहुधा एकच लेखी परीक्षा! वरच्या श्रेणी किती जणांस द्यावयाच्या, हेही पुष्कळ ठिकाणी आधीच मुक्रर असते. त्यामुळे विद्यार्थी सोबत्यांत कितवा हे कळते. त्यास काय येते आणि काय येत नाही, हे कळत नाही. निवडण्यासाठी केलेले परीक्षण व घडविण्यासाठी केलेले परीक्षण असा भेद करून, दुसऱ्याची तेथे फार उणीव आहे असे ग्रंथकार म्हणतात. हे म्हणणे आम्हांस सर्वस्वी यथार्थ वाटते.

परंतु ग्रंथकार बोलतात ते शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने. आमच्या मते हा दोष खुद्द कायद्याच्या दृष्टीनेच अधिक लाजिरवाणा आहे. न्यायाधीशाने निकालाची कारणे द्यावी, म्हणजे हरलेल्या पक्षास आपण का हरलो हे उमजते आणि वरिष्ठ न्यायालयास तो निकाल तपासता येतो. हे तत्त्व जे नित्य शिकवितात, त्यांचा स्वतःचा निकाल मात्र एकाक्षरी असावा, हे विपरीत नव्हे काय?

एक उदाहरण घेऊ. स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच करार पुरा होतो, हा इंग्लंडातील १८१८ च्या अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल या निवाड्यापासून चालत आलेला नियम. विद्यार्थी तो अचूक लिहितो. परंतु 'उत्तर सोमवारपर्यंत माझ्या हाती पडले पाहिजे' ही प्रस्तावातील अट त्याच्या नजरेतून सुटते. उत्तरपत्रिकेवर केवळ 'ब' पाहून तो नियम पुन्हा पाठ करील, आणि पुढल्या खेपेस पुन्हा तेथेच अडखळेल. 'नियम बरोबर, पत्रातील अट वाचली नाही' एवढे एक वाक्य त्याची वाचनाची सवयच पालटील. नुसते 'ठीक' वा 'अस्पष्ट' असे शेरे मात्र अक्षराइतकेच मुके होत.

यावर दोन आक्षेप येतील. निनावी उत्तरपत्रिका व ठरीव वाटणी यांमुळे पक्षपातास आळा बसतो, हा पहिला. तो आम्हांस मान्य आहे. परंतु कारणे लिहिल्याने निनावीपणा कोठे भंगतो? शंभर उत्तरपत्रिकांवर अभिप्राय लिहावयाचे तर प्राध्यापकाने अध्ययन कधी करावे, हा दुसरा. आणि हा खरोखर वजनदार आहे. त्यावर तोड म्हणून सत्राच्या मध्यास एकच लहान प्रश्न घालावा, आढळलेल्या ठळक चुकांचे टिपण साऱ्या वर्गास द्यावे, आणि त्याच्या आधारे प्रत्येकाकडून उत्तर फिरून लिहवून घ्यावे. सुधारण्याची संधी न देता केलेला उपदेश व्यर्थ होय.

अमेरिकन बार असोसिएशनने २०१४ साली नियम करून घडविणारे परीक्षण व अर्थपूर्ण अभिप्राय ही विधिविद्यालयांवर बंधनकारक केली, हे सुचिन्ह होय. मात्र प्रत्येक विषयात अनेक परीक्षणे घेतलीच पाहिजेत असे त्या नियमाने म्हटले नव्हते. तेव्हा खरा भार प्राध्यापकांच्या विवेकावरच राहिला. कारणांवाचून मिळालेला निकाल मुकाट्याने स्वीकारण्याची सवय ज्यास विद्यार्थिदशेतच जडली, तो उद्या न्यायासनावर बसल्यावर इतरांस कारणे देण्याची तसदी घेईल, अशी खात्री कोणी द्यावी?