फेसाने धातू काढण्याचा हिशेब

फेलिक्स सेबा यांनी १९५९ साली आयन-प्लवनाची कल्पना मांडली व १९६२ साली त्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्यात विरघळलेल्या धातूच्या आयनास विरुद्ध विद्युत्भाराच्या, साबणाच्या जातीच्या द्रव्याची, म्हणजे संग्राहकाची, जोड द्यावी, खालून हवेचे बुडबुडे सोडावेत आणि वर जमलेला फेस काढून घ्यावा, अशी ही कल्पना. तिची सुटसुटीतपणाची मोहिनी मोठी आहे. तथापि या विषयावरील प्रयोगलेखांत ‘धातू इतके टक्के निघाला’ हा आकडा पुष्कळदा अखेरचा निष्कर्ष म्हणून मांडला जातो. आमचा आक्षेप त्या आकड्यास आहे.

समजा, सांडपाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम तांबे आहे. त्यातील ९५ टक्के काढले तरी ५ मिलिग्रॅम उरते. आणि नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यास आपल्याकडे तांब्याची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. टक्केवारीत यशस्वी ठरलेला प्रयोग येथे नापास होतो. दुसरा हिशेब संग्राहकाचा. तांब्याचा एक आयन धरण्यास डोडेसिल सल्फेटचे दोन आयन लागतात. म्हणजे एक ग्रॅम तांब्यामागे सोडियम डोडेसिल सल्फेट सुमारे ९ ग्रॅम. शिवाय फेसाबरोबर किती पाणी गेले हे सांगितल्यावाचून धातू वेगळा झाला की नुसते पाणी उपसले गेले, हे कळावयाचे नाही.

तिसरा आक्षेप प्रयोगाच्या पाण्याविषयी आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात एकच क्षार विरघळवून काढलेले निष्कर्ष आपल्या उपनगरांतील मिठी नदीस लावता येत नाहीत. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून ती साकीनाका, कुर्ला ओलांडून माहीमच्या खाडीस मिळते. खालच्या भागात भरतीचे खारे पाणी चढते आणि तेथील सोडियम व कॅल्शियमही संग्राहकावर हक्क सांगतात. क्रोमेट तर ऋण विद्युत्भाराचे. त्यास संग्राहकच निराळा हवा.

मग ही पद्धत त्याज्य मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिची जागा नदीत नसून प्लेटिंगच्या कारखान्यातील धुण्याच्या टाकीपाशी आहे. तेथे पाणी थोडे व धातू बहुधा एकच असतो. तेथेही धातू प्रथम हायड्रॉक्साइडच्या रूपाने साकळून मग फेसावर चढविल्यास संग्राहक पुष्कळ कमी लागतो. कारण तो आयनाआयनास न लागता कणांच्या पृष्ठभागापुरताच लागतो.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्यांनी टक्केवारीबरोबर तीन आकडे अवश्य द्यावेत: पाण्यात उरलेला धातू, खर्चलेला व मागे राहिलेला संग्राहक, आणि फेसात गेलेले पाणी. या आकड्यांवाचून केलेला शुद्धीकरणाचा दावा अपुराच समजावा.