शिवनाथ कुणाची?

पाणी गाळलं की जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत सोडायची, हा आपला आचार. पाणी घेणारा पाण्याचा मालक होत नाही, हा त्यातला अर्थ. १९९८ साली, लालबर्रा आणि दुर्ग एकाच मध्यप्रदेशात असताना, सरकारी महामंडळानं शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांसाठी रेडियस वॉटर कंपनीच्या हाती दिला. बोरईच्या कारखान्यांनी उचललं नाही तरी रोज ४० लाख लिटरचे पैसे महामंडळानं भरायचे! म्हणजे तोटा सरकारचा, आणि मज्जाव काठच्या मासेमारांना. २०१० साली संयुक्त राष्ट्रसंघानं पाण्याला मानवी हक्क मानलं. पाणी पोचवण्याचा खर्च जरूर घ्यावा. पण नदीवरच ताबा बसवणं हा परिग्रहच, मग तो करारानं का असेना.