‘कापीस्कोनो’ आणि ‘समजतात’

इटालियन भाषा शिकत असताना ‘कापीस्कोनो’, म्हणजे ‘ते समजतात’, या क्रियापदापाशी मी अडखळलो होतो. उच्चारात त्याचे खंड पडतात का-पी-स्को-नो असे. व्याकरण मात्र काप्-इस्क्-ओनो अशी फोड करते : धातू, मधला आगम आणि ‘ते’ दर्शविणारा प्रत्यय. जीभ जेथे खंड पाडते तेथे अर्थाचा सांधा नसतो. आपले ‘समजतात’ याच जातीचे. धातू ‘समज’, पुढे ‘त’, मग अनेकवचनाचा ‘आत’. बोलताना मात्र स-मज्-तात असे तीनच खंड. लिहिताना अक्षरे पाच, मात्रा सहा.

हा भेद निव्वळ वैयाकरणांचा नव्हे. एका इटालियन भक्तिगीताच्या चालीवर मी मराठी शब्द बसविले होते. चालीचा ठोका दुसऱ्या खंडावर. तेथे मी ‘समजतात’ घातले. गाताना ‘स’ मागे राहिला. मिस्सा संपल्यावर एका आजीबाईंनी विचारले, “फादर, मजतात म्हणजे हो काय?”

अशा वेळी आटपाडी तालुक्यातील माडगूळकडे वळावे. त्या गावचे ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. श्रोत्यापुढे छापील पान नव्हते. जे कळायचे ते कानानेच. बोलण्यात गिळला जाणारा ‘अ’ गाण्यात परत येतो, हे ओळखून गदिमांनी मात्रा मोजल्या. सुधीर फडक्यांच्या चालीही शब्दांमागून चालतात. संस्कृत समासांची दाटी काही ठिकाणी मला जड वाटते, तेथे मराठी क्रियापद दबते. परंतु ‘-ती’ प्रत्ययाची जुनी काव्यरूपे त्यांनी मोकळ्या हाताने वापरली, तेथे क्रियापद उघड्या स्वरावर संपते आणि कर्ता कानातून निसटत नाही.

रोममध्ये १५७५ साली येशूसंघात दाखल झालेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीही १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’साठी युरोपीय वृत्त न घेता येथल्या गळ्यातली ओवी घेतली. आपल्या गीतसंग्रहांची नवी आवृत्ती काढणाऱ्यांनी आधी शब्द नुसते म्हणून पाहावेत, मग पेटी उघडावी.

माझ्या त्या ओळीत मी पुढे ‘ते जाणती’ असा बदल केला. ते-जा-ण-ती : खंड चार, ठोका नेमका ‘जा’वर. आजीबाईंनी पुन्हा काही विचारले नाही.