विटाळ, अपराध आणि बोलावणे : यशयाच्या सहाव्या अध्यायाच्या संदर्भात काही ख्रिस्ती आत्मकथने

ठाण्यास घोडबंदरचा रस्ता जेथून फुटतो त्या माजिवडे गावठाणात एका ख्रिस्ती कुटुंबात मध्यंतरी वाचनाची एक बैठक झाली. प्रस्तुत लेखक तेथे श्रोता म्हणून उपस्थित होता. यशयाचा सहावा अध्याय वाचून झाल्यावर एका वृद्ध बाईंनी प्रश्न केला : "आधी त्याला शुद्ध केलं आणि मग बोलावलं, की बोलवायचं होतं म्हणून शुद्ध केलं?" वाचणाऱ्याने उत्तर दिले, तथापि बाईंचे समाधान झालेले दिसले नाही. प्रश्न धर्मशास्त्राचा आहेच, पण तितकाच तो वाङ्मयाचाही आहे. मराठी ख्रिस्ती लेखकांनी स्वतःच्या जीवनाची जी कथने लिहिली, त्यांची घडण या एका क्रमावर अवलंबून आहे.

(साष्टीचे नाव निघाले की अभ्यासकांकडून एक घोटाळा वारंवार होतो, म्हणून येथेच सांगून टाकतो. १६१६ साली राचोल येथे छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची साष्टी ही गोव्यातील आहे. ठाणे व माजिवडे ज्या साष्टी बेटावर आहेत ती निराळी. दोन्हीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता, दोन्हीकडे ख्रिस्ती वस्ती झाली, पण ग्रंथ एकीकडचा.)

प्रथम मूळ अध्याय पाहू. उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी, म्हणजे सुमारे इ. स. पूर्व ७४० मध्ये, यशयाला मंदिरात उच्च सिंहासनावर बसलेल्या परमेश्वराचे दर्शन होते. सभोवती सहा पंखांचे सराफीम आहेत, उंबरठे हादरत आहेत, घर धुराने भरले आहे. त्याचा पहिला उद्गार भक्तीचा नाही, भीतीचा आहे : आपण अशुद्ध ओठांचे आहोत आणि अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो. येथे हिब्रू शब्द 'तामे' हा आहे. तो विधिनिषेधाच्या क्षेत्रातला शब्द असून त्याला आपल्या भाषेतील जवळचा शब्द 'विटाळ' हाच होय. पुढे एक सराफ वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच्या ओठांना लावतो आणि जे दूर झाले म्हणून सांगतो ते मात्र 'तामे' नव्हे. तेथे 'आवोन' व 'हत्तात', म्हणजे अपराध व पाप, हे शब्द आहेत. तक्रार विटाळाची आणि सुटका अपराधातून, असे हे स्थित्यंतर दोन ओळींच्या आत घडते. भाषांतरातून वाचणाऱ्याच्या ते सहसा ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाला अधिक जाणवावी. आपल्या सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारात स्पर्शाचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. ओवळे सोवळ्याला शिवले की सोवळे बिघडते. सोवळे ओवळ्याला शिवल्याने ओवळे शुद्ध झाले, असे कोणी म्हणत नाही. यशयाच्या दर्शनात हा प्रवाह उलटा फिरला आहे. वेदीवरचे पवित्र द्रव्य अपवित्र ओठांना लागते आणि ते द्रव्य बाटत नाही, ओठ पवित्र होतात. शुभवर्तमानांत कुष्ठरोग्याला स्पर्श करून बरे केल्याची जी कथा आहे, तिचे बीज येथेच आहे असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरी गोष्ट बोलावण्याची. 'मी कोणाला पाठवू?' या आशयाचा जो प्रश्न उठतो, तो यशयाला उद्देशून नाही. तो नुसता त्याच्या कानी पडतो. मोशेला जळत्या झुडपातून नावाने हाक येते, तसे येथे काही होत नाही. आपण जातो, असे यशया स्वतः होऊन म्हणतो. यानंतर जे काम त्याच्या पदरी पडते ते अत्यंत कठोर आहे : लोक ऐकतील पण समजणार नाहीत. किती काळ, असे तो विचारतो तेव्हा नगरे ओसाड होईपर्यंत, असे उत्तर मिळते. उपदेशकांची व्याख्याने 'मला पाठव' या उद्गारापाशी थांबतात, ही त्यांची सोय आहे. अध्याय तेथे थांबत नाही.

हा क्रम हाती धरून आपल्याकडील कथनांकडे पाहिले असता पहिले नाव बाबा पदमनजींचे येते. त्यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावी झाला आणि 'अरुणोदय' १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात या ग्रंथाचे स्थान मोठे आहे, हे निर्विवाद होय. पण अपराधमुक्तीच्या दृष्टीने पाहता तेथे युक्तिवादाचे पारडे जड वाटते. मत पालटत जाते, पुरावे जमत जातात, जुने सोडणे व नवे धरणे यांतील ओढाताण प्रामाणिकपणे मांडली जाते. निखारा मात्र ओठांना लागलेला दिसत नाही. रेव्हरंड टिळकांची गोष्ट आणखी निराळी. अपराधाच्या जाणिवेपेक्षा ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाच्या व उपदेशाच्या ओढीने ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचे खरे 'बोलावणे' १९१७ मध्ये, मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तेव्हाचे मानावे, असे आम्हांस वाटते. त्यांची अखेर १९१९ मध्ये झाली, त्यामुळे त्या बोलावण्याला अवघी दोन वर्षे मिळाली.

या प्रश्नाला पुरे पडणारे कथन पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांची साक्ष १९०७ मध्ये प्रथम इंग्रजीत निघाली. त्या १८८३ मध्ये इंग्लंडात गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाची एक शाखा लंडनजवळ फुलम येथे होती आणि 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना सांभाळून पुन्हा उभे करण्याचे काम तेथे चाले. ते पाहून रमाबाई विस्मित झाल्या. अशा स्त्रियांविषयी एवढा कळवळा का, असे त्यांनी विचारले असता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे रमाबाईंनी सेवा आधी पाहिली आणि त्या सेवेच्या मुळाशी काय आहे याचा शोध घेताना धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन निघाले ते याच प्रेरणेने. पुढे त्यांनीच नमूद केले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगले ते असे : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपल्या पुण्याईवाचून, आहे त्या स्थितीत, आपला स्वीकार झाला आहे, या प्रतीतीने त्यांचे ओझे उतरले.

यशयाचा क्रम येथे सरळसरळ उलटला आहे : सेवा आधी, मुक्ती नंतर. रमाबाईंच्या चरित्रकारांना हा आठ वर्षांचा कालखंड अडचणीचा वाटत असावा. काही जण तो झटपट ओलांडतात, काही १८८३ मध्येच सगळे उरकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते साक्षीचे सगळे वजन याच कालखंडात आहे. ज्या बाईने हजारो मैल प्रवास करून, पैसा जमवून, विधवांसाठी घर उभे केले, तिनेच आपण अद्याप सुटलो नव्हतो अशी कबुली द्यावी, यात धाडस आहे. सेवेने अपराध फिटतो, ही समजूत आपल्या पुण्यसंचयाच्या कल्पनेत मुरलेली आहे आणि ख्रिस्ती संस्थांतही ती काही कमी नाही. रमाबाई ती स्वतःच्या उदाहरणाने मोडतात.

आणि अध्यायाचा कठोर उत्तरार्धही त्यांच्या वाट्यास आला. हा अनुभव आल्यानंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, शारदासदनात धर्मांतर घडविले जाते या आरोपावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले व पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या पुण्याने एके काळी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला होता, त्याचे कान बंद झाले. (पालकांची बाजू अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही, मुली त्यांनी शिक्षणासाठी पाठविल्या होत्या.) दुष्काळग्रस्त स्त्रियांनी भरलेले केडगावचे मुक्तिसदन यानंतरचे. तेथे १९०५ मध्ये जी जागृती झाली, तिच्या हकीकतींत एक प्रसंग येतो : एका मुलीच्या अंगावर ज्वाला दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणावयास धावली. प्रसंगाची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी प्रतिमा तीच आहे. त्या जागृतीनंतर मुलींची पथके उपदेशासाठी गावोगाव निघाली. स्वतः रमाबाईंच्या जीवनात उलटलेला क्रम त्यांच्या मुलींच्या जीवनात सरळ झाला, हे नोंदवावेसे वाटते.

विटाळाचा धागा मात्र रमाबाईंपेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४–३६) अधिक सापडतो. हे पुस्तक आपण विनोदासाठी व संसारचित्रासाठी वाचतो, शिकवतोही तसेच. परंतु त्याचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याने होतो. सत्तावनच्या धामधुमीत सासऱ्याला फाशी झाली, तो धक्का घेऊन घरी आलेला हा गृहस्थ पुढे जन्मभर विटाळाच्या भीतीने बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेत राहिला. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात. त्यामुळे त्याखालचे भय वाचकाच्या हातून निसटते. ज्याची कबुली कोणापाशी देता येत नाही आणि ज्याची क्षमा कोणाकडून मिळत नाही, तो अपराध पाण्याने धुतला जात आहे. 'आवोन'चे रूपांतर 'तामे'त झाले आहे, म्हणजे यशयाच्या अध्यायाच्या नेमके उलट. पुढे मुलीने, नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही काळ वेगळी चूल व वेगळे पाणी सांभाळून, जातिभेद देवाने केला की माणसाने हा प्रश्न स्वतःशीच सोडविला आणि कोणाच्याही हातचे पाणी घेतले. हे १९०० सालच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे. तिला कोणी उपदेश केला नाही, दर्शन झाले नाही. आधी विटाळ गेला, मग ख्रिस्त आला. चोखोबांनी विटाळाचा प्रश्न देहाच्या मुळापर्यंत नेऊन भिडविला होता. लक्ष्मीबाईंचे उत्तर त्या परंपरेशी अधिक जवळचे आहे. मिशनऱ्यांच्या पुस्तिकांशी त्याचे नाते दूरचे.

माजिवड्याच्या बाईंना त्या दिवशी जे उत्तर मिळाले ते पुस्तकातले होते, आणि ते बरोबरही होते : शुद्धी आधी, पाठवणे नंतर. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर काम करता करताच कळतं, आपण कसे आहोत ते." बैठक संपल्यावर त्या सर्वांसाठी चहा करावयास आत गेल्या.