चाकूच्या पात्याचे घाट व शस्त्रग्रंथांतील वर्गवारी

जुन्या हत्यारांविषयीं आपल्याकडे जें लेखन होतें त्याचा बहुतेक भर तरवार, पट्टा, कट्यार, बिचवा अशा लढाऊ शस्त्रांवर असतो. तें साहजिक आहे. तथापि ज्या पात्याचा माणसाच्या हाताशीं रोजचा संबंध, तें कंबरेचें वा खिशांतील चाकूचें पातें या लेखनांत सहसा आढळत नाहीं. आणि आढळलेंच तर भलत्याच सदराखालीं. या दुसऱ्या प्रकारच्या चुकीसंबंधानें येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

या विषयाचा पाया घालणाऱ्या ग्रंथांत विल्ब्रहॅम एजर्टन यांच्या हिंदी शस्त्रांच्या सचित्र हस्तपुस्तकाची गणना होते. तें १८८० सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालें. १८९६ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निराळ्या नांवानें निघाली. इंडिया म्युझियममधील वस्तूंवर आधारलेली ही यादी असल्यामुळें तिचें मोल अजूनहि कमी झालेलें नाहीं, आणि पुढील दोष दाखवितांना तिचें ऋण विसरावयाचें नाहीं. परंतु ग्रंथाची मांडणी प्रांतवार व लोकवार आहे. अमका घाट अमक्या प्रांताचा, तमका घाट तमक्या लोकांचा, अशी वाचकाची समजूत आपोआप होत जाते. लष्करी शस्त्रांच्या बाबतींत ही पद्धति पुष्कळ अंशीं चालते. कारण पथकांतील शिपाई एकमेकांचें पाहून शस्त्र घेतो. तेथेंहि ती सर्वस्वीं चालत नाहीं. मराठ्यांची म्हणून जी सरळ फिरंग प्रसिद्ध आहे तिचें पातें, नांवाप्रमाणेंच, पुष्कळदां युरोपांतून आलेलें. मूठ तेवढी येथील. १९३४ सालीं निघालेल्या जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांच्या कोशानें प्रांतांऐवजीं नांवांचा अनुक्रम धरिला. त्यानें अडचण सुटली नाहीं, तिची जागा मात्र बदलली. चाकू हा शब्द तुर्की-फारसीच्या वाटेनें आला, सुरी संस्कृत क्षुरिकेवरून, कलमतराश तर उघडच फारसी. पण एकाच पात्यास एका घरांत एक नांव व शेजारीं दुसरें, हें कोणीहि पाहिलें असेल.

हा आक्षेप केवळ तर्काचा नव्हे. पनवेलनजीक पळस्पे येथें, जेथें पुण्याचा व गोव्याचा रस्ता फुटतो, प्रस्तुत लेखकाच्या घरीं दप्तराच्या रुमालांत दोन मिटते चाकू निघाले. एक पणजोबांचा, दुसरा त्यांच्या धाकट्या बंधूंचा. पहिल्याची धार सुतासारखी सरळ असून पाठ टोंकाशीं उतरून धारेस मिळते. त्यामुळें टोंक धारेच्या रेषेंतच आहे. दुसऱ्याची पाठ सरळ व धार पोटाशीं फुगून वर टोंकास चढलेली. पहिल्याची मूठ शिंगाची असून पात्याच्या मुळाशीं तारा व क्रूस ही शेफील्डच्या रॉजर्स कारखान्याची खूण आहे. ती खरी असो वा नक्कल. दुसऱ्यावर खूण नाहीं, लोहाराचें काम स्पष्ट दिसतें. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून मुंबईचा माल पनवेल बंदरावरून याच वाटेनें देशावर चढे. म्हणून विलायती व गांवठी पातें एका रुमालांत नांदलें यांत नवल नाहीं. आतां एकच घर, एकच काल, सख्खे भाऊ, आणि घाट दोन. एजर्टनच्या पद्धतीनें यांची वांटणी कशी करावी?

कोणी म्हणेल, लोक नव्हे पण काम घाट ठरवितें. यांत अर्धें सत्य आहे. पणजोबा कारकून होते व बोरूनें मोडी लिहीत. बोरू करण्यांत चाकूचीं कामें तीन: प्रथम नळीस तिरकस लांब छाट देऊन पोट उघडें करावयाचें, मग जिभेस मधोमध चीर पाडावयाची, आणि शेवटीं जीभ कठीण पृष्ठावर ठेवून एका दाबांत टोंक तोडावयाचें. हें शेवटचें काम सरळ धारेवांचून नीट होत नाहीं. फुगीर धार मध्यावर टेकते व कडेस उचललेली राहते. मग जिभेचा एक कोपरा रेशा धरून राहतो आणि अक्षर फाटतें. परंतु पहिल्या छाटेस फुगीर धारच सोयीची, कारण ती मनगट वळवितांच आपोआप खोल उतरते. म्हणजे एकाच कामांत दोन घाटांची सोय आहे, आणि कोणती अडचण सोसावयाची हें ज्याचा त्यानें ठरवावयाचें. आमच्या घरांतील आठवण अशी कीं, धाकटे बंधु, ज्यांचा जन्म शेतींत व आंब्याच्या झाडांखालीं गेला, तेहि हिशेबापुरता बोरू आपल्याच चाकूनें करीत, व थोरल्यांचा चाकू ‘न्हाव्याचा’ म्हणून हिणवीत. उलट थोरले आंबासुद्धां सरळ धारेनेंच चिरीत. कामानें घाट ठरला असता तर ही अदलाबदल व्हावयास हवी होती. ती झाली नाहीं. हाताची संवय व मनाची आवड, यांस वर्गवारींत सदरच नाहीं.

कोणी हा घरगुती किस्सा म्हणून सोडून देईल. परंतु याच परिषदेंत व याच पानांवर मोडी कागदांच्या अस्सलपणाचा निवाडा होत असतो, आणि तेथें अक्षराची जाडी पुराव्यांत येते. एका पत्रांत अर्ध्यावर अक्षर ठसठशीत झालें कीं दुसरा हात लागला, मजकूर मागाहून घातला, असें अनुमान करण्याकडे ओढा असतो. बोरूचें टोंक लिहितां लिहितां झिजतें, व तो पुन्हां तासावा लागतो. तासल्यावर जीभ पूर्वीइतकीच रुंद उतरेल असें नाहीं; फुगीर पात्यानें तर बहुधा नाहींच. वळणाची तपासणी, म्हणजे गांठ कोठें पडते, हात कोठें उचलतो, ही भरंवशाची आहे. जाडीची तपासणी तितकी नाहीं, आणि केवळ तीवर एखादा कागद बनावट ठरविणें अन्यायाचें आहे.

दुसरें उदाहरण कायद्याचें. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें शस्त्र म्हणून ज्या वस्तु मोजल्या त्यांत तरवार, संगीन, भाला यांबरोबर कट्यार होती. साधा चाकू नांवानें नव्हता. पुढच्याच वर्षीं, मे १८७९ मध्यें, वासुदेव बळवंत फडके यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनीं पळस्पे व चिखली येथें दरोडे घातले. फडक्यांचें जन्मगांव शिरढोण येथून हाकेच्या अंतरावर. या दरोड्यानंतर सरकारी जाचाच्या भीतीनें इकडच्या लोकांनीं टोंकदार पातीं टाकून बोथट टोंकाचीं घेतलीं असावींत, हें अनुमान मोहक आहे, आणि आमच्या सरळ पात्यास तें छान लागूहि पडतें. पण त्यास कागदाचा आधार नाहीं, म्हणून तें येथें सोडलेलें बरें. लक्षांत घेण्याजोगें निराळेंच आहे. १९५९ चा कायदा व १९६२ चे नियम यांनीं नांवासोबत माप घेतलें: पातें ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद असलें तर शस्त्र, आणि घरगुती व शेतीचीं हत्यारें त्यांतून वगळलीं. सरकारी नियमांस मोजपट्टी सुचली. आमच्या संग्रहांच्या पाट्यांवर मात्र बहुधा अजून ‘मराठी चाकू’ एवढेंच असतें. वर्तमानपत्रांस तर कोणताहि मिटता चाकू रामपुरीच. वाघनखांसारख्या गाजलेल्या वस्तूचीहि गोष्ट पाहावी. २०२४ सालीं सातारा येथें प्रदर्शनास आलेलीं वाघनखें ज्या लंडनच्या संग्रहालयाचीं, तें स्वतःच म्हणतें कीं हींच तीं अफजलखान-प्रसंगींचीं याची खात्री देतां येत नाहीं. तेथें एवढा संकोच, आणि येथें चाकूवर बिनदिक्कत जातीची पाटी.

निदान पात्याची लांबी, मुळाशीं व टोंकाशीं रुंदी, पाठीची रेषा, धारेची रेषा एवढें नोंदीत असावें. आणखी एक गोष्ट शस्त्रांच्या याद्यांत येत नाहीं, ती म्हणजे सहाणेची झीज. तरवारीस धार क्वचित् लावतात, चाकूस दर आठवड्यास. तीस वर्षांत फुगीर पातें घासून घासून सरळ होतें, व सरळ पातें मध्यें पोखरतें. म्हणून आज दिसणारा घाट हा विकत घेतलेला घाट नव्हे. मुळाशीं जेथें सहाण पोंचत नाहीं तेथें अर्ध्या बोटाएवढी जुनी धार शिल्लक राहते. तीवरून मूळ रुंदी कळते. वर सांगितलेल्या पहिल्या चाकूची मुळाशीं रुंदी टोंकाकडील मध्याच्या जवळजवळ दीडपट भरते. तेव्हां पणजोबांनीं तो सरळ म्हणून निवडला, कीं फुगीर घेऊन आपल्या हातास येईल तसा घासून सरळ केला, हें या लेखकास ठरवितां आलेलें नाहीं. दुसऱ्या चाकूची मुळाची व मध्याची रुंदी सारखीच आहे. तो फार वापरला गेलेला दिसत नाहीं.